हवेतला जिना

शिट्टीमामा : ...आणि ही तांबडी रेघ मात्र ओलांडायची नाही, ताई. कठड्याला टेकायचं नाही. हेल्मेट कितीही गरम झालं तरी काढायचं नाही.

सासूबाई : रेघेचं मला नका सांगू, मामा. लग्न झाल्यापासून मी रेघेच्या अलीकडंच उभी आहे, अंगवळणी पडलंय. माझी सून कुठं आहे तेवढं सांगा. खाली फाटकावर विचारलं तर म्हणाले, जुन्या हॉस्पिटलच्या गच्चीवर शिट्टीमामा उभे असतात, त्यांना विचारा. एवढे मजले चढून आले. गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय.

शिट्टीमामा : सून म्हणजे... घार का?

सासूबाई : कसली घार? क्रेन चालवते ना ती इथं, नवीन इमारतीच्या कामावर. ती.

शिट्टीमामा : तीच हो. आम्ही तिला घार म्हणतो.

सासूबाई : हिला? घार? अहो, आम्ही घरी तिला गोगलगाय म्हणतो.

शिट्टीमामा : वर बघा. समोरच्या नव्या इमारतीच्या मागं तो लोखंडी मनोरा आहे ना, त्यावरून नजर वर न्या. अजून. अजून वर. आडवा दांडा जिथं मनोऱ्याला मिळतो तिथं एक काचेची पेटी दिसतेय?

सासूबाई : ती? कपाटाएवढी?

शिट्टीमामा : ती केबिन. त्यात बसलीये ती.

सासूबाई : थट्टा नका करू मामा. माझं वय झालंय.

शिट्टीमामा : माझंही झालंय. थट्टा नाही.

सासूबाई : अहो, पण... मला वाटलं, रस्त्यात वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्या उचलून नेतात ना, तसलं काहीतरी असेल. खाली बसायचं, खिडकीतून हात बाहेर काढायचा, ओरडायचं. हिचा आवाज लहान, म्हणून मी म्हणायची, कसं होत असेल हिचं. आणि ही... तिथं चढते कशी?

शिट्टीमामा : शिडीनं. मनोऱ्याच्या आतून. सकाळी चढते, संध्याकाळी उतरते. डबा सोबत नेते.

सासूबाई : हो, डबा. डबाच द्यायला आले होते. विसरली आज.

शिट्टीमामा : विसरली? सकाळी माझ्यासमोर पिशवीत घालून चढली.

सासूबाई : तुम्ही बघितलंत होय? मग झालं.

शिट्टीमामा : बसा त्या खुर्चीवर. ट्रेलर यायला वेळ आहे. डबा राहू दे, खरं काय ते सांगा. मी कुणाला बोलत नाही. माझं काम फक्त वर घे, खाली घे एवढंच बोलायचं.

सासूबाई : खरं म्हणजे... तिला न्यायला आलेय. आत्ताच्या आत्ता नाही, पण न्यायलाच. माझ्या मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली. चांगली आहे. खोल्या बघून झाल्या, रविवारी टेम्पो यायचाय. मी जाणार, तो जाणार. ही हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. विचारलं की एकच वाक्य. 'शेवटचा जिना बसू दे, मग सांगते.' आठवडा झाला, घरात जेवताना फक्त चमच्यांचा आवाज. शेवटी मुलगा म्हणाला, आई, ती तुझं ऐकते, तूच सांग. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, आणते मी तिला वळणावर.

शिट्टीमामा : आणि मग आलात.

सासूबाई : मग आले. येताना वाटेत सगळं पाठ केलं, काय बोलायचं ते. पण बोलायचं कसं? ती तिथं आभाळात, मी इथं.

शिट्टीमामा : आजच बसतोय तो शेवटचा जिना. काँक्रीटचे जिने बाहेर साच्यात ओतून तयार करतात, आणि क्रेननं उचलून इमारतीच्या आत सोडतात, वरच्या उघड्या तोंडातून. आणि खाली ते पांढऱ्या हेल्मेटवाले चौघं दिसतायत ना, गाडीजवळ? ते पुलाच्या कामाचे लोक आहेत. नदीवर नवा पूल व्हायचाय. त्यांना तिचा हात बघायचाय. पसंत पडला तर पुढची काही वर्षं ती पुलावर.

सासूबाई : हे तिनं घरी सांगितलं नाही.

शिट्टीमामा : घडायच्या आधी सांगत नाही ती काही. हळू माणूस आहे.

सासूबाई : हळू म्हणजे किती हळू, ते मला विचारा. लग्न होऊन आली तेव्हा गॅसवरचं पातेलं उतरवून ओट्यावर ठेवायला हिला लागायचा वेळ एवढा, की पाहुण्यांची भूक मरायची. ठेवल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. मला वाटायचं ही झोपेत आहे. कितीदा बोलले असेन. अगं उरक, अगं आटप. ही आपली हसायची, आणि तितकीच हळू.

शिट्टीमामा : ती इथं आधी हेल्मेट वाटायच्या खिडकीत बसायची. एकदा नळ बंद होता. वरच्या मजल्यावर पाणी हवं होतं, तर ही काठोकाठ भरलेली बादली घेऊन कच्च्या जिन्यानं वर आली. मागं वळून बघितलं मी, पायऱ्या कोरड्या. एक थेंब नाही. त्याच दिवशी साहेबांना सांगितलं, हिला वर बसवा. साहेब हसले. शिकवायला पाठवली, शिकून आली, वर बसली, आणि साहेबांचं हसणं थांबलं.

सासूबाई : बादलीवरून कळलं तुम्हाला?

शिट्टीमामा : क्रेनवर घाईचा माणूस काय कामाचा, ताई? घाई केली की ओझं झुलतं. आणि झुलायला लागलेलं ओझं कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हळू माणूस मिळायला नशीब लागतं.

सासूबाई : आणि आम्ही ते नशीब घरात बसवून त्याला आटप आटप म्हणत होतो.

शिट्टीमामा : ट्रेलर आला. आता मी तुमच्याशी नीट बोलणार नाही, राग मानू नका. हा घ्या दुसरा वॉकीटॉकी. माझ्यातली बॅटरी गेली तर असावा म्हणून ठेवतो. कानाशी धरा, सगळं ऐकू येईल. बाजूची कळ दाबली की तुमचा आवाज वर जातो, म्हणून ती दाबायची नाही.

सासूबाई : नाही दाबत.

शिट्टीमामा : ओझं हुकाला लटकलेलं असताना वॉकीवर दोनच आवाज, माझा आणि तिचा. जिना भिंतींच्या आत शिरला की तिला वरून काही दिसत नाही. मला इथून समोरच्या भिंतीतल्या मोकळ्या खिडक्यांतून दिसतं, मग मी सांगेन तेवढंच तिचं जग. दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. साहेबांनीसुद्धा नाही.

सासूबाई : आणि कुणी बोललंच तर?

शिट्टीमामा : एक शब्द चालतो. 'थांब.' तो कुणीही म्हणू शकतं. साहेब म्हणू शकतात, झाडूवाला म्हणू शकतो. म्हटलं की ती थांबणार. कोण म्हणालं, का म्हणालं, ते नंतर. आणि थांब म्हणणाऱ्याला रागवायचं नाही, चुकून म्हटलं असलं तरी. रागावलं की पुढच्या वेळी माणूस गप्प बसतो आणि कुणाचा तरी जीव जातो.

सासूबाई : चांगला नियम आहे. आमच्या घरी का नाही लावला कुणी?

शिट्टीमामा : घार, साखळ्या लागल्या. माणसं बाजूला. ताण घे.

घार : ताण घेते.

सासूबाई : अगबाई. तिचा आवाज. घरच्यासारखाच आहे, पण... घरी असा नाही येत.

शिट्टीमामा : वर. हळू वर.

घार : वर. हळू.

सासूबाई : मामा, उठला. आख्खा जिना उठला, पायऱ्यांसकट. अहो, एवढा दगडासारखा जड, आणि एवढ्या अलगद... जसं झोपलेलं मूल उचलावं तसं उचललं हिनं.

शिट्टीमामा : वर चालू दे. ट्रेलर मोकळा. इमारतीचा माथा सुटेपर्यंत वर.

घार : माथा सुटेपर्यंत. बघतेय.

सासूबाई : बाई बाई बाई. लोक जिना चढून वर जातात, इथं जिनाच वर चाललाय. कुठं भिंत नाही, आधार नाही, नुसत्या पायऱ्या हवेत. वर गेल्या की कुठं जायचं त्यांनी? मामा, माझ्या अंगावर काटा आला हो. बघा, हाताला बघा.

शिट्टीमामा : मी तिकडं बघतोय, ताई.

सासूबाई : बघा, बघा. मी आपली बोलते. गप्प बसले तर रडेन. मामा, मी लग्न होऊन आले ना, नवी नवी होते. घराच्या छपरावर शिडी लावलेली होती, कसल्याशा डागडुजीला. घरात कुणी नव्हतं. चढले. मला आधीपासून उंचीचं वेड, माहेरी झाडावरच असायची. छपरावर उभी राहिले तर नदी दिसली. गावाबाहेर पडून वळण घेत चालली होती, लांब, चमकत. कुठं जाते ते बघायला मी टाचा उंचावल्या, तेवढ्यात खालून माझ्या सासूबाईंचा आवाज. 'खाली उतर.' उतरले. दुसऱ्या दिवशी ती शिडी कुणाला तरी देऊन टाकली.

शिट्टीमामा : आणि नदी?

सासूबाई : राहिलीच बघायची. नंतर मुलं, दुखणीखुपणी, ह्यांचं आजारपण. नदी काय, नळाला पाणी कधी येतं तेवढंच बघितलं.

शिट्टीमामा : घार, माथा सुटला. आता दांडा डावीकडं. अगदी हळू.

घार : डावीकडं घेते.

सासूबाई : आला. आमच्या डोक्यावरून... नाही, समोरून. केवढी सावली पडली खाली. सगळे वर बघतायत हो. हॉस्पिटलच्या खिडक्यांतून पेशंटसुद्धा बघतायत. त्यांना काय माहीत, ती माझी सून आहे. सांगून येऊ का?

शिट्टीमामा : रेघ, ताई.

सासूबाई : नाही ओलांडत. मामा... मामा, तो फिरतोय. जिना फिरतोय बघा. गरगर फिरायला लागला. अहो, तिच्या हातातून सुटला तो. आत माणसं आहेत ना हो? तुमचं लक्ष आहे का? थांब. अगं थांब.

शिट्टीमामा : ताई, कळ.

सासूबाई : दाबली का मी?

शिट्टीमामा : दाबलीत. सोडा आता. गेला आवाज.

(जिना हवेत, जागच्या जागी.)

सासूबाई : हे काय झालं?

शिट्टीमामा : थांबली.

सासूबाई : मी म्हटलं म्हणून?

शिट्टीमामा : तुम्ही म्हटलं म्हणून. दांडा थांबला, हुक थांबला. आत दोघं फिटर जिन्याला बांधलेले दोर धरून उभे आहेत, तेही थांबले. ट्रेलरवाल्यानं इंजीन बंद केलं. ऐका, सगळं गप्प झालंय.

सासूबाई : मामा, माझ्या शब्दावर आजवर मांजर थांबलेलं नाही. मुलगा लहान असताना रस्त्यात पळायचा, थांब थांब म्हणत मी मागं धावायची. नवऱ्याला म्हणायची, जरा थांबा, ऐकून घ्या, तोवर त्यांनी चपला घातलेल्या असायच्या. आणि हे एवढं लोखंड...

घार : कोण बोललं?

शिट्टीमामा : तुम्हालाच विचारतेय. कळ दाबून सांगा.

सासूबाई : मी आहे गं.

घार : आई?

सासूबाई : हो. इथं गच्चीवर आहे, मामांजवळ.

घार : बरं. काय दिसलं तुम्हाला?

सासूबाई : अगं, मी इथं आले कारण रविवारी आपल्याला...

घार : आई, ओझं हुकाला आहे. फक्त कामाचं बोला. काय दिसलं तुम्हाला?

सासूबाई : चुकलंच माझं. मामा, तुम्ही सांगा तिला. काही नाही म्हणावं, म्हातारी घाबरली. चल म्हणावं पुढं.

शिट्टीमामा : मला नाही सांगता येत.

सासूबाई : का? तुमचाच तर आवाज चालतो ना?

शिट्टीमामा : ज्यानं थांबवलं त्यानंच सोडायचं. तुम्ही काय बघितलंत ते तुमच्या डोळ्यांना ठाऊक. मी सोडून दिलं आणि खरंच काही असलं तर? थांब कुणीही म्हणतं. चल मात्र तोच म्हणतो, ज्यानं थांब म्हटलं होतं.

सासूबाई : आणि मी नाही म्हटलं तर?

शिट्टीमामा : कळ सोडा, ताई. हे तिला ऐकू जातंय.

सासूबाई : सोडली. सांगा. मी चल म्हटलंच नाही तर काय होईल?

शिट्टीमामा : काही होणार नाही. ती तशीच धरून बसेल. थोड्या वेळानं दुपारचा वारा सुटेल, मग साहेब ओझं परत ट्रेलरवर उतरवायला सांगतील. पुलाचे लोक गाडीत बसून निघून जातील. ते उद्या येत नाहीत. तुम्हाला कुणी एक शब्द बोलणार नाही, तो नियमच आहे.

सासूबाई : म्हणजे मला काहीच करायचं नाही. भांडायचं नाही, समजवायचं नाही, पाठ केलेलं काही बोलायचं नाही. नुसतं तोंड बंद ठेवायचं. आणि ते तर मला जन्मभर जमलंय. मुलाचं काम फत्ते. रविवारी टेम्पोत ती माझ्या शेजारी बसलेली असेल.

शिट्टीमामा : बसेल बहुतेक.

सासूबाई : तुम्ही काही म्हणत नाही?

शिट्टीमामा : मला म्हणायचा अधिकार नाही. आत्ता फक्त तुम्हाला आहे.

सासूबाई : आत्ता फक्त मला. मामा, एवढा अधिकार कधी कुणी माझ्या हातात दिला नव्हता हो.

घार : आई, घाई नाही. मी धरलंय. नीट बघा आणि सांगा.

सासूबाई : ऐकलंत? घाई नाही म्हणते. खाली चौघं घड्याळं बघतायत, वारा यायचाय, सगळं हिचं पणाला लागलंय, आणि मला म्हणते घाई नाही. मी हिला एकदा तरी असं म्हटलं का? ...कुठली ती कळ? ही ना?

शिट्टीमामा : हीच.

सासूबाई : अगं, मला जिना फिरताना दिसला. वाटलं तुझ्या हातातून सुटला.

घार : मीच सकाळी सांगून ठेवलं होतं फिरवायला, आई. आतल्या दोघांनी दोरानं फिरवला. उलटा उचलला होता आपण. खालची पायरी दाराच्या बाजूला यायला हवी ना, नाहीतर लोक भिंतीतून चढायला लागतील.

सासूबाई : मग तो तुझ्या हातात आहे?

घार : हातात आहे.

सासूबाई : आत्तासुद्धा? एवढा वेळ झाला, हात दुखत असतील.

घार : नाही दुखत. आता बघा बरं तुम्ही. हलतोय का?

सासूबाई : नाही. अजिबात नाही. भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखा स्थिर आहे.

घार : अजून काही दिसतंय का, ज्याची भीती वाटते?

सासूबाई : जिन्याची नाही वाटत आता.

घार : मग सोडता?

सासूबाई : कसं म्हणायचं असतं ते?

घार : तुम्हाला येईल तसं.

सासूबाई : चल, बाळ. चल पुढं. हळूच जा, तुझ्या चालीनं. कुणी आटप म्हणणार नाही.

घार : चालले.

शिट्टीमामा : दांडा अजून डावीकडं. अजून. बस. आता खाली. हळू खाली.

घार : खाली. हळू.

शिट्टीमामा : तोंडाशी आला. चारी बाजूंनी हातभर जागा. खाली चालू दे. आत शिरला. आता तुला दिसणार नाही, मी आहे.

घार : दिसत नाही. तुम्ही बोला.

शिट्टीमामा : खाली. खाली. अजून. आता बोटबोट.

घार : बोटबोट.

सासूबाई : (हळूच) देवा. बोटबोट म्हणतोय हा, आणि ती आभाळात बसून बोटाएवढंच खाली घेतेय. न बघता. मामा, ते पातेलं. ते पातेलं ठेवायची ना, अगदी तसंच. मी त्याच घरात राहत होते आणि मला दिसलं नाही.

शिट्टीमामा : बस. टेकला. आवाज नाही आला. घार, जिना बसला.

घार : बसला. साखळ्या सुटल्या की सांगा.

शिट्टीमामा : सुटल्या. हुक वर घे. ...ताई, आता एक गंमत. ओझं नसलं की ती दोन नंबरवर येते. तो गप्पांचा. ही चकती फिरवा. हां. आता दाबा कळ, कितीही बोला. मी तिकडं तोंड करून उभा राहतो.

सासूबाई : आहेस का गं?

घार : आहे, आई. हात करतेय, दिसतोय का?

सासूबाई : दिसतोय. मुंगीएवढा. हा बघ, मीही करते. अगं, मला काय बोलावं ते सुचत नाहीये. मी तुला आधी कधी बघितलंच नव्हतं, आज बघितलं. तोंडात बोट घालून उभी आहे मी इथं, खरंच.

घार : मी रोज बघते तुम्हाला.

सासूबाई : मला? कुठून?

घार : इथून. आपलं घर दिसतं. निळ्या टाकीवरून ओळखू येतं. सकाळी तुम्ही गच्चीवर कपडे वाळत घालता. घालून झाले तरी लगेच आत जात नाही. रिकामी बादली हातात घेऊन उभ्या राहता, वर बघत. मला वाटायचं मला बघताय. मी हात करायची.

सासूबाई : अगं, मला माहीतच नव्हतं तू तिथं आहेस. मी नुसती... उंचावरचं काही दिसलं की बघावंसं वाटतं मला. बाकी काही नाही. रोज हात करायचीस?

घार : रोज.

सासूबाई : आणि मी एकदाही केला नाही.

घार : आत्ता केलात ना. दिसला मला.

सासूबाई : ऐक. मी तुला थांबवायला आले होते.

घार : माहीत आहे. तुम्ही थांब म्हणालात तेव्हा मला वाटलं, तेच सांगताय.

सासूबाई : आणि तरी थांबलीस?

घार : थांब म्हटल्यावर थांबायचंच असतं. पण घाबरले होते, आई. खोटं कशाला सांगू.

सासूबाई : आणि मी सोडलंच नसतं तर?

घार : धरून बसले असते. वारा येईपर्यंत. मला वाटत होतं, तुम्ही सोडाल.

सासूबाई : का वाटत होतं?

घार : गच्चीवर तुम्हाला रोज बघते म्हणून.

सासूबाई : ...बरं. आता तुझं सांग. जिना बसला. तू म्हणाली होतीस, बसला की सांगते.

घार : मी नाही येणार, आई. पुलाच्या लोकांनी खालून अंगठा दाखवला, तुमच्याशी बोलायच्या आधी बघितलं मी. त्यांनी दाखवला नसता तरी नसते आले. दुसरी क्रेन शोधली असती. ह्यांच्यावर माझा राग नाही. ते मला हवेत, सुट्टीत येतील, मी जाईन. आधी मला वाटायचं मी मंद आहे, सगळे म्हणायचे तशी. इथं बसले आणि कळलं, मी मंद नाही, मी अशी आहे. हे सोडून तिथं गेले तर तुमच्या मुलाला बायको मिळेल, पण ती मी नसेन. हे त्यांना सांगायची मला भीती वाटते.

सासूबाई : त्याला मी सांगते. तो चिडेल, दोन दिवस जेवणार नाही, मग जेवेल. लहानपणापासून तसाच आहे. तू तुझं सांग, मी माझं सांगेन.

घार : तुमचं काय?

सासूबाई : टेम्पो रविवारी यायचाय ना. त्याचं सामान जाऊ दे. माझी पेटी अजून बांधलेली नाही, आणि मला काही इतकी घाई नाही. ...अगं, त्या केबिनमधून नदी दिसते का?

घार : दिसते.

सासूबाई : पार वळणापर्यंत?

घार : वळणाच्या पुढंही.

सासूबाई : कुठं जाते गं पुढं?

घार : नाही सांगणार. येऊन बघा. रविवारी क्रेन बंद असते, मी साहेबांना विचारते. पट्टा बांधू, हेल्मेट घालू. शिडीला मधे मधे फळ्या आहेत, बसत बसत जाऊ. मी तुमच्या मागून चढेन.

सासूबाई : माझे गुडघे माहीत आहेत ना तुला?

घार : हळू जायचं, आई. मला येतं तेवढं.

सासूबाई : आणि मधेच भीती वाटली तर?

घार : तर थांब म्हणा. मी जिथं असेन तिथं थांबेन.

सासूबाई : हं. आणि मग पुढं जायचं... बरं, कळलं. ते मीच म्हणायचं.